हरतो बॉक्सर, मरते बायको

बॉक्सिंगच्या सिनेमावरून दोन प्रेक्षकांची जुंपली की घंटा कोणी वाजवायची, हा प्रश्नच असतो. इथे एक शंकेखोर आहे आणि एक चाहती. दोघांनीही या जातीचे सिनेमे भरपूर पाहिलेत, त्यामुळे ‘आधी बघा, मग बोला’ हे हत्यार कोणाच्याच कामाचं नाही. वादाचं निमित्त अँटवान फुक्वा दिग्दर्शित ‘साउथपॉ’. २०१५च्या जुलैत तो आला तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी जेक जिलेनहालच्या कामाला दाद दिली आणि गोष्टीला नाकं मुरडली. तिकीट काढून गेलेल्यांतले अनेक जण मात्र डोळे पुसत बाहेर आले.

शंकेखोर : आधी गोष्ट थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळे. बिली होप अनाथाश्रमात वाढलेला, लाइट हेवीवेटचा अपराजित जगज्जेता. एका धर्मादाय समारंभात एस्कोबार नावाचा प्रतिस्पर्धी त्याला डिवचतो, धक्काबुक्की होते, गोळी सुटते आणि बिलीची बायको मॉरीन त्याच्या हातांत प्राण सोडते. मग दारू, रेफ्रीला डोक्याची धडक, वर्षभराची बंदी, दिवाळं. मुलगी सरकारच्या ताब्यात. तिथून एका साध्याशा जिममधल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तो पुन्हा उभा राहतो आणि शेवटी त्याच एस्कोबारशी लढतो. मॉरीन पडली की हे सगळं प्रेक्षकाला कळून चुकतं. पुढे आपण बसून राहतो ते आपला अंदाज बरोबर आला का, एवढंच पाहायला. आता यात तुम्हाला काय आवडलं?

चाहती : कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यान आधीच ठाऊक असतं. तो उठून जातो का? बुवा आज ते कसं रंगवतात, हे ऐकायला तो बसतो. बॉक्सिंगच्या सिनेमाचा रस्ता १९३१च्या ‘द चॅम्प’पासून ठरलेला आहे. पाहायचं ते त्या रस्त्यावरून हा माणूस कसा चालला. वर्षभर आधी ‘नाइटक्रॉलर’मध्ये जिलेनहाल गाल बसलेला, काडीसारखा होता. इथे काही महिन्यांच्या तालमीनंतर तो खरा ठोसेबाज वाटतो. पण मी स्नायूंना भुलणारी नाही. माझ्या लक्षात राहिलं ते त्याचं बोलणं. शब्द तोंडातल्या तोंडात अडकतात, वाक्यं अर्ध्यावर सुटतात. सगळा व्यवहार मॉरीन पाहायची. कोणती लढत घ्यायची, कुठे थांबायचं, हेही तिलाच कळायचं. ती गेल्यावर हा माणूस दुःखी तर होतोच, पण नुसता दुःखी असता तर परवडलं असतं. त्याला काही येतच नाही. घर चालवता येत नाही, वकिलाशी बोलता येत नाही, दहा वर्षांच्या मुलीची समजूत काढता येत नाही. विधुर झालेल्या पुरुषाचं हे परावलंबन मला फार खरं वाटलं. अशी माणसं आपल्या नात्यागोत्यातही असतात, आणि त्यांच्या हातात कधी ग्लोव्हज नसतात.

शंकेखोर : मान्य. पण ते खरं वाटणं आणि तुमचं रडणं यांची गल्लत करू नका. १९९५ साली जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेत माणसाच्या मनात हवी ती भावना जागवायला कोणती चित्रफीत वापरावी, हे त्यांना ठरवायचं होतं. अडीचशेहून अधिक चित्रपट चाळून निवडक तुकडे ४९४ जणांना दाखवले. दुःखासाठी जे दोन तुकडे सर्वात उपयोगी ठरले, त्यातला एक ‘बॅम्बी’चा आणि दुसरा १९७९ साली पुन्हा बनलेल्या ‘द चॅम्प’चा. बॉक्सर बाप मरून पडलाय आणि लहान मुलगा त्याला उठवतोय, तो प्रसंग. म्हणजे बाप, लेकरू आणि ठोसे ही मात्रा चालते, हे प्रयोगाने सिद्ध आहे. मात्रा लागू पडली म्हणून कलाकृती थोर होत नाही. कांदा चिरतानाही डोळ्यांना पाणी येतं.

चाहती : कांद्याने येणारं पाणी पुसलं की संपतं. आणि तुमच्या त्या तुकड्यात ठोसा एकही नाही, हे लक्षात घ्या. लढत संपलेली आहे. रडवतं ते खेळाडूंच्या खोलीतलं पोर. ‘साउथपॉ’मध्येही माझ्या मते सगळ्यात अवघड प्रसंग रिंगबाहेरचे आहेत. मुलगी लीला बापाला भेटायलाच नकार देते. तो ठरल्या वेळी येतो, थांबतो, परत जातो. जगज्जेतेपदाच्या लढतीला जो माणूस शिट्ट्या आणि दिव्यांतून चालत येतो, तोच इथे एका सरकारी खोलीच्या दारात ताटकळतो. पटकथाकार कर्ट सटरने ही गोष्ट मुळात रॅपर एमिनेमला डोळ्यांपुढे ठेवून लिहिली होती. बाप-लेकीचं नातं तेव्हापासून तिच्या मध्यभागी होतं. पुढे एमिनेम अभिनयातून बाजूला झाला, त्याची गाणी तेवढी उरली. पण लेकीसमोर उभं राहण्याची लायकी कमावणं हा धागा सुटला नाही. तुम्ही त्याला फॉर्म्युला म्हणा. मी म्हणेन, मुद्दा धरून ठेवलाय.

शंकेखोराचा खरा आक्षेप इथून पुढे आहे. आधीचं बोलणं हात मोकळे करण्यापुरतं होतं.

शंकेखोर : धागा धरून ठेवलाय म्हणता, तर मग दुसरा धागा का सोडला? मॉरीनला गोळी लागली. कोणीतरी झाडली. साक्षीदार भरपूर होते. तपासाचं काय झालं? खटला कुठे चालला? हा प्रश्न मी शोधून काढलेला नाही, कितीतरी प्रेक्षकांनी सिनेमा संपल्यावर हेच विचारलं. मारेकऱ्याचा विषय मध्येच विरून जातो, आणि त्याच्या जागी एक लढत येते. एस्कोबार हरला म्हणजे जणू हिशेब चुकता झाला! एका बाईचा खून होतो आणि सिनेमा त्याचं रूपांतर नवऱ्याच्या सरावाच्या वेळापत्रकात करतो. न्यायाचा प्रश्न होता, तो तंदुरुस्तीचा झाला.

चाहती : एक प्रसंग तुम्ही वगळलात. संशय एस्कोबारच्या भावावर आहे आणि बिली पिस्तूल घेऊन त्याच्या घरी जातो. घरात त्याची बायको भेटते, नशेने खंगलेली, शेजारी मुलं. बिली मागे फिरतो. सूड तिथे संपतो. पुढे तो एस्कोबारला मारायला रिंगमध्ये जात नाही. किंबहुना त्याला शिकवलं जातं ते न मारण्याचं. आधीचा बिली चार ठोसे खाऊन चिडल्याशिवाय लढूच शकत नसे. जिमचा प्रशिक्षक टिक विल्स, म्हणजे फॉरेस्ट व्हिटेकर, त्याला हात वर ठेवायला, ठोसा चुकवायला, जॅब टाकत थांबायला शिकवतो. त्याआधी जिम झाडायला लावतो. माझ्या लेखी सावरणं ते हेच. खटल्याचं म्हणाल, तर ज्यांच्या घरात असं माणूस गेलंय त्यांना विचारा. तारखा पडत राहतात. तरी सोमवारी सकाळी मुलाचा डबा भरावा लागतो.

लेखकाला इथे चाहतीचं म्हणणं पटतं, पण शंकाही पुरती फिटत नाही. तारखा पडत राहतात हे सिनेमाने एका दृश्यात दाखवलं असतं, तर हा वाद निम्मा झाला असता.

शंकेखोर : बरं, अमेरिका सोडा. मुंबईत या. राकेश ओमप्रकाश मेहरांचा ‘तूफान’, जुलै २०२१, अॅमेझॉन प्राइमवर. डोंगरीचा वसुली करणारा अझीझ अली, म्हणजे फरहान अख्तर, दादरच्या नाना प्रभूंकडे बॉक्सिंग शिकतो आणि त्यांच्याच डॉक्टर मुलीच्या, अनन्याच्या प्रेमात पडतो. लग्न होतं. मग पैसे घेऊन लढत हरण्याचं प्रकरण, पाच वर्षांची बंदी. बायकोच्या आग्रहाने तो परतायचं म्हणतो आणि ती रेल्वे स्थानकातल्या चेंगराचेंगरीत मरते. मागे छोटी मुलगी. पुन्हा तोच साचा, पण मला त्याचा राग येत नाही. राग येतो त्या चेंगराचेंगरीचा. २९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर अशाच चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. परळ-प्रभादेवीकडून रोज जाणाऱ्याला तो अरुंद जिना आणि तो पाऊस अजून आठवतो. पूल अपुरा आहे, हे लोक आधीपासून सांगत होते. नंतर लष्कराला बोलावून नवा पूल बांधून घ्यावा लागला. इतका मोठा, इतका सार्वजनिक मृत्यू तुम्ही पडद्यावर आणता, आणि त्याचं काम काय? नायकाला पुन्हा दोरीवरच्या उड्या मारायला लावणं! जबाबदार कोण, हे विचारायला पटकथेला सवड नाही.

चाहती : ‘तूफान’ लांबला आहे, ढिला आहे, हे मीही म्हणते. तरी त्यात एक गोष्ट अशी आहे जी ‘साउथपॉ’ला कधी जमली नसती. अझीझ लढत विकतो ती घरासाठी. हिंदू बायको, मुसलमान नवरा. या शहरात त्यांना कोणी भाड्याने खोली देत नाही. हे खोटं आहे असं मुंबईतला कोण म्हणेल? त्याच्या अधःपाताला तुम्हाला हवं असलेलं सार्वजनिक कारण आहे. आणि खरा बदल अझीझचा नाहीच, नानांचा आहे. परेश रावलचा नाना बॉम्बस्फोटात बायको गमावलेला माणूस. त्या दुःखातून त्याने एका अख्ख्या समाजाचा द्वेष पोसलाय. त्याचे मित्र बाळाकाका, म्हणजे मोहन आगाशे, त्याच्याशी बसून वाद घालतात, तेही त्याला पचत नाही. मुलीशी संबंध तोडतो. ती गेल्यावर नातीसाठी त्या जावयासमोर उभा राहतो. एका हट्टी म्हाताऱ्याला आपलं दुःख आणि आपला द्वेष वेगवेगळे करावे लागतात. प्रदर्शनाआधी या सिनेमावर बहिष्काराच्या हाका उगाच आल्या नव्हत्या. जखमेवर बोट होतं.

शंकेखोर : म्हणजे एका म्हाताऱ्याचं मन वळवायला दोन बायकांचे जीव! आधी त्याची बायको, मग त्याची मुलगी.

चाहती यावर लगेच काही बोलली नाही. बोलली ती थोड्या वेगळ्या बाजूने.

चाहती : हे मला बोचतं, खोटं कशाला बोलू? पण बायको जिवंत ठेवून केलेले सिनेमेही आहेत. २००५चा ‘सिंड्रेला मॅन’ घ्या. जेम्स ब्रॅडॉकने महामंदीत सगळं घालवलं. उजवा हात वारंवार मोडलेला, बंदरात हमाली. त्या हमालीतच डावा हात बळकट झाला. सरकारी मदत घ्यावी लागली आणि पैसे आल्यावर ती परत केली. १३ जून १९३५ला त्याने मॅक्स बेअरला हरवून जगज्जेतेपद घेतलं. बायको मे शेवटपर्यंत आहे, घाबरते, भांडते. आपल्याकडे ‘मेरी कोम’. २००७ साली जुळी मुलं झाली, २००८ला निंगबोमध्ये चौथं जगज्जेतेपद. तिथे कोणाला मारावं लागलं नाही. नवऱ्याने पोरं सांभाळली.

शंकेखोर : ‘मेरी कोम’चं उदाहरण तुम्ही माझ्या बाजूने दिलंत, आभारी आहे. बाई बॉक्सर असली की जोडीदाराला पोरं सांभाळून पुरतं. पुरुष बॉक्सर असला की जोडीदाराला सरणावर जावं लागतं. आणि ज्या सिनेमात बाई बॉक्सर असून कोणीतरी मरायलाच हवं, त्या ‘मिलियन डॉलर बेबी’त कोण मरतं? तीच. सावरायला मागे उरतो म्हातारा प्रशिक्षक. ‘सिंड्रेला मॅन’चं म्हणाल, तर तिथे बायको वाचली, बळी दुसऱ्याचा गेला. पडद्यावरचा मॅक्स बेअर हा माणसं मारून फुशारणारा खलनायक आहे. खऱ्या बेअरच्या ठोशांनी १९३० साली सॅन फ्रान्सिस्कोत फ्रँकी कॅम्बेल मेला, ते खरं. पण त्या मृत्यूने बेअर आतून हलला होता, रात्री दचकून उठायचा, कॅम्बेलच्या कुटुंबाला त्याने पैसे दिले. म्हणजे पापाची टोचणी आणि त्यातून वर येण्याची धडपड ही त्याची गोष्ट होती. ब्रॅडॉक उजळ दिसावा म्हणून ती काढून घेतली. एकाला तारायचं तर दुसऱ्याला बुडवायचं, हा या सिनेमांचा जमाखर्च आहे आणि खर्चाची बाजू कोणी वाचत नाही.

बेअरचा मुद्दा बिनतोड आहे. त्याच्या घरच्यांनी त्या चित्रणाबद्दल नाराजी बोलूनही दाखवली होती.

चाहती : खर्चाची बाजू ‘साउथपॉ’ने एका ठिकाणी वाचली आहे. जिममध्ये हॉपी नावाचा पोरगा येतो. घरात बाप आईला मारतो, हा मध्ये पडतो आणि एके दिवशी त्यातच जातो. टिक विल्स हादरतो. पोरांना शिस्त लावू, रस्त्यावरून उचलू, वाचवू, या त्याच्या श्रद्धेला तडा जातो. जिम सगळ्यांना वाचवत नाही, असं सिनेमा स्वतःच्याच विरोधात बोलतो.

शंकेखोर : आणि त्यानंतर लगेच टिक विल्स मोठ्या लढतीसाठी बिलीला तयार करायला राजी होतो! पोरगा मेला तो त्यासाठीच. पटकथेला एक नकार होकारात बदलायचा होता.

चाहती : तुम्हाला प्रत्येक मृत्यूत पटकथेचा हात दिसतो.

शंकेखोर : कारण शरीराचा हिशेब हे सिनेमे मांडतच नाहीत. ठोसे खाऊन मेंदू कामातून जातो, हे हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने १९२८ सालीच लिहून ठेवलंय. मॉरीनला वाचायला कोणी दिलं नसेल, पण तिला कळलं होतं. असाच लढत राहिलास तर दोन वर्षांत तुझं डोकं कामातून जाईल, असं ती बिलीला बजावते. सिनेमातलं सर्वात शहाणं वाक्य तिच्या तोंडी आहे. ती मरते, आणि बिली तिच्या आठवणीपोटी काय करतो? तिने नको म्हटलेलं. बारा राउंड. त्या बारा राउंडांनाही इतिहास आहे. १९८२च्या नोव्हेंबरात लास व्हेगासमध्ये रे मॅन्सिनीने चौदाव्या राउंडमध्ये कोरियाच्या किम ड्युक-कूला पाडलं आणि काही दिवसांत किम गेला. मग जागतिक बॉक्सिंग परिषदेने पंधरा राउंडांचे बारा केले. बिली होपची शेवटची लढतही लास व्हेगासमध्येच आहे. पुन्हा उभं राहण्याच्या त्या रंगमंचाखाली एक खराखुरा मृत्यू गाडलेला आहे, आणि आपण वर टाळ्या वाजवतोय.

चाहती : मग मी विचारते. मुलगी त्याच्यापासून तुटली ती मॉरीन गेल्यावर तो बेभान झाला म्हणून. तिच्याकडे परत यायला त्याने दुसरं काय करायला हवं होतं? त्याला दुसरी कुठली कला येते?

शंकेखोर : जिम झाडत होता ना. तिथेच थांबायचं. वेळेवर कामावर, वेळेवर भेटीला, दारू बंद. न्यायालयाला तेच हवं होतं, मुलीलाही. त्याचं सावरणं तिथे पूर्ण होतं. अखेरची लढत त्याच्या मुलीसाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

शंकेखोराने एवढा वेळ शोधलेली जागा ती हीच. चाहतीलाही ते जाणवलं असावं, कारण तिने ‘साउथपॉ’चा बचाव इथे सोडून दिला आणि पुढे सरकली.

चाहती : असू दे. प्रेक्षकासाठी असणं हा गुन्हा नाही. शोकाला शेवटची घंटा नसते, म्हणून माणूस ती असलेल्या ठिकाणी जातो. पण घंटा वाजली म्हणजे जिंकलंच पाहिजे, असं मी म्हणत नाही. १९७६चा ‘रॉकी’ गुणांवर हरतो. जॉन ह्यूस्टनच्या ‘फॅट सिटी’त शेवटी दोन थकलेले बॉक्सर कॉफी घेऊन बसतात, बस्स. बिलीला विजय देणं ही फुक्वाची भीती होती, एवढं मी मान्य करते. डावखुऱ्या पवित्र्यात उलटून मारलेला तो अपरकट शिट्ट्यांसाठी आहे. पण त्याच वर्षी आलेला ‘क्रीड’ बघा. रॉकीचा जुना प्रतिस्पर्धी अपोलो क्रीड १९८५च्या ‘रॉकी ४’मध्ये रिंगमध्ये मेला होता. रायन कूगलरने तीस वर्षांनी विचारलं, त्याच्या पोराचं काय झालं? तुमच्या खर्चाच्या बाजूचं पान कोणीतरी उलटलं की नाही?

शंकेखोर : उलटलं, आणि पोराने काय केलं? ग्लोव्हज घातले.

चाहती : घातले. आणि शेवटी गुणांवर हरला. पण मी पोराबद्दल बोलतच नाही. अपोलोची विधवा, मेरी अॅन. पोर तिचं नाही, नवऱ्याचं बाहेरचं, तरी तिने आणून वाढवलं. तो बॉक्सर व्हायचं म्हणतो तेव्हा ती त्याला सांगते की लढतीनंतर तुझ्या बापाला पायऱ्या चढता यायच्या नाहीत, मी उचलून न्यायची. त्याचे हात चालायचे नाहीत, तेव्हा त्याचं सगळं मी करायची. दोन-अडीच मिनिटांचा प्रसंग असेल. इथे बॉक्सर मेलाय आणि बायको जिवंत आहे. बोलतेय.

शंकेखोर : दोन-अडीच मिनिटं! मग पुढचे दोन तास तिला सिनेमाने कुठे ठेवलं? मला तिचा सिनेमा हवाय. नवऱ्याला जिन्यावरून वर नेणारी बाई, नंतरची वर्षं, ते पोर शोधत जाण्याचा तिचा निर्णय. तुम्ही जाल तो पाहायला?

चाहती : जाईन. पहिल्या दिवशी जाईन. पण खरं सांगते, शेवटच्या अर्ध्या तासात रिंग दिसली नाही तर मी खुर्चीत चुळबुळ करेन.

शंकेखोर : मीही करेन. तीच माझी अडचण आहे.